तुमच्या भाषेत काहीतरी बोला

लंडनच्या इल्फर्ड भागातल्या त्या घराची बेल मी पहिल्यांदा वाजवली तेव्हा दार उघडलं ते एका मेलेल्या माणसानं. खोटं सांगत नाही. आदल्याच रविवारी दुपारी मी त्याला टीव्हीवर मरताना पाहिलं होतं. रंग उडालेला जुना सिनेमा, वाळवंट, घोड्यावरून हिरोनं झाडलेली गोळी, आणि हा माणूस खजुराच्या झाडाला पाठ घासत इतका सावकाश खाली बसला, की मधे जाहिराती येऊन गेल्या तरी त्याचं बसणं चालूच होतं. तोच आता स्वेटर घालून, हातात चहाचं गाळणं घेऊन माझ्यासमोर उभा.

"खोली बघायला आलात ना? या. पायरी सांभाळा, ती आमच्यापेक्षा म्हातारी आहे."

मी नागपूरची. ऑफिसनं इकडे पाठवलेली. खोली म्हणजे बॉक्सरूम होती, इतकी लहान की कूस बदलायची तर आधी दार उघडावं लागे. तरी मी हो म्हटलं. मेलेल्या माणसाच्या हातचा चहा कुणी सोडतं का?

काका सिनेमात होते. सिनेमात म्हणजे सिनेमाच्या कडेला. तुम्ही त्यांना पाहिलंय, नक्की पाहिलंय, फक्त लक्षात नाही. हिरो धावत जातो तेव्हा ज्याची फळांची गाडी उलटते, तो फळवाला म्हणजे काका. दुसरा पहारेकरी, जखमी तुर्क, बाजारातला म्हातारा, मठाधिपतीच्या मागे उभा असलेला भिक्षू, सगळे काकाच. सातासमुद्रांपलीकडची जेवढी म्हणून सावळी माणसं असतील, ती सगळी या एका सातारकर देहात भाड्यानं राहून गेली होती. शेवटच्या नामावळीत काकांचं नाव यायच्या आत लोक कोट घालून दाराशी पोचलेले असत. काकांना त्याचं काही नव्हतं. "मधल्या माणसाला उकडतं," ते म्हणत. "सगळे दिवे त्याच्यावर. कडेला गार असतं."

सिनेमात ते कसे शिरले याच्या निदान पाच हकिकती मी ऐकल्या. मला आवडते ती अशी. काका शिकायला म्हणून बर्मिंगहॅमला आले. पहिलाच हिवाळा. थंडी अशी की बोललेला शब्द गोठून बुटावर पडे. काकांनी कोटावरून आईनं दिलेली गोधडी पांघरली आणि बसस्टॉपवर उभे राहिले. धुक्यातून एक मोटार आली, काच खाली झाली, आतल्या माणसानं त्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "तुम्हाला घोड्यावर बसता येतं का?" त्याला वाटलं, मंगोल सरदार उभा आहे. काकांनी आयुष्यात कधी म्हशीवरही पाय टाकला नव्हता. ते म्हणाले, "जन्मापासून."

हे सांगताना काका खिडकीपाशी बसत. दुपार चारलाच विझत आलेली असे, बाहेरचा रस्ता दुधात बुडवल्यासारखा, आणि त्यांच्या आवाजाबरोबर ती मोटार, ती गोधडी, तो धुक्यातला बसस्टॉप खोलीत हळूच उतरून येई. कितीदा तरी मला वाटलं, आत्ता मागे वळून बघितलं तर सोफ्यावर दोन-तीन मंगोल बसलेले असतील.

धंद्यानं माणसाच्या अंगात काय काय मुरतं, ते मी त्या घरात पाहिलं. काका कसलाच आवाज करत नसत. जन्मभर कुणीतरी ध्वनिमुद्रक त्यांच्यावर खेकसलेला होता, त्यामुळे कपात चमचा फिरे पण किणकिणत नसे, दार उघडे पण कुरकुरत नसे. मी भांडी घासता घासता वळावं तर काका मागे उभे, आणि माझ्या हातून ताटली सुटायची. फोटो काढायची वेळ आली की अर्धा खांदा चौकटीबाहेर. दिव्याखाली कुणी बसलं की यांची खुर्ची आपोआप सरके, समोरच्याच्या तोंडावर सावली पडू नये म्हणून. आणि जेवण! सिनेमातल्या पंगतीत खरं गिळायचं नसतं, कारण तोच घास पुन्हा दहा वेळा घ्यावा लागतो. काका घरीही भात ताटात या कडेनं त्या कडेला फिरवत, रिकामं तोंड सुंदर हलवत, आणि ताट जसंच्या तसं.

"अहो, कॅमेरा नाहीये," काकू म्हणत. "गिळा."

काकूंबद्दल सांगायचं राहिलं. काकूही साताऱ्याच्याच. नर्स म्हणून आलेल्या, नर्स म्हणूनच निवृत्त झालेल्या. गोष्टीतला फुगा किती मोठा आहे ते अंदाजानं ओळखून नेमकी टाचणी लावणाऱ्या.

तर आता मुख्य गोष्ट. त्या काळातल्या सिनेमात काकांसारख्याला संवाद लिहून कुणी देत नसे. डायरेक्टर खुर्चीवरूनच सांगे, "तुमच्या भाषेत काहीतरी बोला." तुमची भाषा म्हणजे कुठली, ते त्याला ठाऊक नसे, आणि प्रेक्षकांनाही नसे. मग काका मराठीत बोलत. अरब म्हणून मराठी, तिबेटी म्हणून मराठी, एकदा तर पिरॅमिडमधून उठून बसलेला पुरोहित म्हणूनही मराठी. अर्ध्या जगाला आजही वाटत असेल की जुने इजिप्शियन लोक एकमेकांना "अरे गधड्या" म्हणत.

आणि काकांचा स्वभाव असा की गप्पा मारतील चोवीस तास, पण मनातली एक गोष्ट ओठांवर येणार नाही. साधं "चहा छान झालाय" म्हणायचं तर मान लाल व्हायची. मात्र एकदा दाढी चिकटवली, डोक्याला फेटा बांधला, की ते मोकळे.

बर्मिंगहॅमबाहेर वाळूच्या एका खाणीत कुणी सहारा उभा केला होता. रोज रिमझिम पाऊस. सगळे अरब छत्र्या उघडून एकुलत्या एका उंटाच्या पोटाखाली उभे राहत आणि ऊन पडायची वाट बघत. त्या उंटावरून काका पडले, घोटा मोडला, आणि हॉस्पिटलात प्लास्टर घालायला आली ती साताऱ्याची नर्स. पाय बरा होईपर्यंत काका तिच्याशी हवामान, राणी आणि मटारचे भाव यांवर बोलले. जे बोलायचं होतं ते पोटात घेऊन घरी गेले.

पुढच्या सिनेमात ते दरोडेखोर होते. हिरोच्या गळ्याला तलवार लावून, डोळे गरगर फिरवत गर्जायचं होतं. डायरेक्टर म्हणाला, तुमच्या भाषेत काहीतरी बोला. काका गर्जले, "साताऱ्याच्या बाई, रविवारी सुट्टी असेल तर हॉस्पिटलमागच्या बागेत याल का?"

आणि त्या रविवारपासून दर रविवारी बागेत जाऊन बसले. सिनेमा लागायला वर्ष लागतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पानं गळाली, बर्फ पडलं, वितळलं, ट्युलिप आले. बागेतली बदकं त्यांना ओळखू लागली. मग एका शनिवारी काकू मैत्रिणींबरोबर सिनेमाला गेल्या, तलवार निघाली, आणि भरल्या थिएटरात काकू ताडकन उठून उभ्या राहिल्या. मागचे लोक म्हणाले, खाली बसा. त्या बसल्या नाहीत.

मी एकदा काकूंना विचारलं, "हे सगळं खरं?"

"उंट नव्हता," काकू तांदूळ निवडत म्हणाल्या. "खेचर होतं. बाकी खरं."

मग तीच त्यांची पद्धत झाली. लग्नानंतरही काका घरात जे बोलू शकत नसत ते पडद्यावर बोलत, आणि काकू तिकीट काढून ऐकून येत. घरी उत्तर जेवणातून. लामाच्या वेशात, मागे बर्फाची शिखरं चमकत असताना, काकांनी ध्यानस्थ सुरात म्हटलं होतं, "तुझ्या आईला मी टाकून बोललो, माझं चुकलं." काकूंनी त्या संध्याकाळी पुरणपोळी केली. मंगळावरचा हिरवा माणूस म्हणून, डोक्यावर दोन अँटेना हलत असताना, ते म्हणाले होते, "आपल्याला मूल झालं नाही म्हणून तू मला कमी वाटत नाहीस." हे मला काकूंनीच सांगितलं, आणि सांगून झाल्यावर उठून नळ विनाकारण जोरात सोडला.

इथल्या जुन्या मराठी मंडळींना हे सगळं ठाऊक होतं. लोक गोष्ट बघायला जात नसत, यांच्या घरी काय चाललंय ते बघायला जात.

पण जग बदललं. आता अरबाच्या भूमिकेत अरब घेतात, तिबेटीच्या भूमिकेत तिबेटी. "योग्यच आहे," काका म्हणत. "मी त्यांच्या पोटावर पाय दिला होता." कामं थांबली. आणि कामांबरोबर काकांचं ते दुसरं बोलणंही थांबलं. घरात हवामान, राणीनंतर राजा, मटारचे भाव. मी राहायला गेले तेव्हा ते असंच वर्षानुवर्षं चालू होतं. काकू ऐकत असत, कुणी रेडिओ लावून ठेवतं तसं.

साताऱ्याला काकूंची धाकटी बहीण एकटी पडली. एका संध्याकाळी जेवताना काकू म्हणाल्या, "मी तिच्याकडे जायचं म्हणते. कायमचं."

मी ताटातून मान वर केली नाही. काकांनी भात डावीकडून उजवीकडे नेला.

"बरं," ते म्हणाले. "तिथे ऊन चांगलं असतं."

मग उठून कचऱ्याची बिन बाहेर ठेवायला गेले. कचऱ्याची गाडी यायचा दिवस नव्हता. खिडकीतून मला दिसत होतं, रस्त्याच्या दिव्याखाली एकटी हिरवी बिन आणि तिच्या शेजारी काका, दोघंही कुणीतरी उचलून न्यायची वाट बघत असल्यासारखे.

"एक शब्द बोलले असते," काकू ताटं उचलताना मला म्हणाल्या. "जा म्हणाले असते तरी चाललं असतं. एवढी वर्षं झाल्यावर माणसाला ऐकायचं असतं गं."

आणि त्याच आठवड्यात काकांच्या एजंटचा फोन आला. ही बाई वारली अशी काकांची समजूत होती, तिचीही काकांबद्दल तीच होती, त्यामुळे आधी दोघांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. काम होतं. कुठल्याशा दूरच्या ग्रहावरच्या म्हाताऱ्या द्वारपालाचं. हिरो येतो, द्वारपाल दार उघडतो, आपल्या भाषेत एक वाक्य बोलतो. संपलं.

काका फोनवर बोलत असताना काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"भाषा कुठली?" त्यांनी विचारलं.

"ग्रहावरची."

काकू माझ्याकडे बघून, पण काकांना ऐकू जाईल अशा बेतानं, म्हणाल्या, "सिनेमा लागेपर्यंत थांबते. काय म्हणतात ते ऐकते, मग ठरवते."

शूटिंगला काकांबरोबर मी गेले. औषधं वेळेवर द्यायची या निमित्तानं, खरं तर उत्सुकतेनं. लंडनबाहेरचा स्टुडिओ म्हणजे एक अख्खं गाव मावेल एवढी शेड, आणि आत निळसर धुक्यात उभं केलेलं दार, ताडाएवढं उंच. काकांना पांढरी शुभ्र दाढी लावली, कमरेपर्यंतची. चिकटवणाऱ्या मुलीचा हात हनुवटीवरून निघाला न निघाला, तोच काका माझ्याकडे वळून म्हणाले, "तू घरी आईला फोन करत नाहीस. ती काळजी करते. असं वागू नये." वर्षभर त्यांनी हे पोटात ठेवलं असणार.

पण तिथे एक अडचण होती. आता तुमच्या भाषेत काहीतरी बोला असं कुणी म्हणत नाही. त्या ग्रहाची भाषा एका तरुण पोरानं रीतसर बनवली होती, व्याकरणासकट. त्यात म्हणे भूतकाळच तीन होते. पोरगा मनापासून शिकवत होता. काका दोनदा त्याच्यामागून बरोबर म्हणाले, मग त्याचा हात हातात घेऊन म्हणाले, "बाळा, भाषा सुंदर आहे. पण तिच्यात माझं कुणी नाही."

पहिले काही शॉट त्यांनी त्या भाषेत दिले. मग डायरेक्टर म्हणाली, छान झालं, आता एकदा तुमच्या मनासारखं करा. मी दूर, केबलींच्या ढिगापाशी उभी होते. धुकं सरकलं, दार उघडलं, आत कुठूनसा पहाटेसारखा उजेड आला, आणि त्या उजेडात काकांचे ओठ हलले. शब्द माझ्यापर्यंत आले नाहीत. पण ते असं बघत होते की समोर हिरो नसून फार लांबची कुणी बाई उभी आहे, बागेच्या दुसऱ्या टोकाला.

"कट. हाच," डायरेक्टर म्हणाली.

परतीच्या ट्रेनमध्ये मी विचारलं, "काका, काय म्हणालात?"

दाढी निघाली होती. "डायलॉग होता," ते म्हणाले, आणि पुढच्या स्टेशनवर बाक नवीन बसवलेत, असं सांगू लागले.

त्यानंतरचं वर्ष काकूंनी बॅग भरण्यात काढलं. भरायच्या आणि काढायच्या. किसणी भरली, मग गाजरं आणली म्हणून काढली. लोकरीचे मोजे काढले, तिकडे कशाला म्हणून, मग पुन्हा ठेवले, असू देत म्हणून. काका त्या बॅगेला वळसा घालून जात, एखाद्या झोपलेल्या मोठ्या कुत्र्याला घालावा तसा.

सिनेमा इल्फर्डला लागला तेव्हा काकू कोट घालून निघाल्या. मी बरोबर. काका कधीच येत नसत. थिएटरात पंधरा-वीस माणसं. ग्रह फुटत होते, तारे कोसळत होते, काकू पर्स मांडीवर धरून बसल्या होत्या. मग एकदम सगळं शांत झालं. निळं धुकं आलं. दार उघडलं.

काकांचे ओठ हलले, आणि आवाज आला तो भलत्याच माणसाचा. खोल, घुमणारा, तीन भूतकाळांच्या भाषेतला. खाली इंग्रजीत अक्षरं उमटली, प्रवाशा, तुझं स्वागत आहे. काकांचा आवाज पुसून त्यावर दुसऱ्याचा बसवला होता. बाईनं वर्षभर बॅग अडवून धरली होती ती या एका वाक्यासाठी.

काकू मात्र पुढे वाकल्या होत्या. घशात नळी घातलेल्या पेशंटांचे ओठ वाचण्यात त्यांची सगळी नोकरी गेलेली. दृश्य सरलं तशा त्या मागे टेकल्या. सिनेमा संपला, दिवे लागले, त्या उठेनात.

"पुढचा खेळही बघू," म्हणाल्या.

"काकू, कळलं का तुम्हाला?"

"माझी नजर आता पूर्वीची नाही. चुकलं असेल वाचायला."

आम्ही पुन्हा तेच ग्रह फुटताना पाहिले. पुन्हा धुकं, पुन्हा दार. या वेळी मी पडद्याकडे बघितलं नाही, काकूंकडे बघितलं. त्या निळ्या उजेडात त्यांचा चेहरा आधी विशीतला वाटला, मग एकदम फार म्हातारा झाला.

घरी पोचलो तेव्हा काका पॅसेजमध्येच होते, दाराशी घुटमळत. मी बूट काढायला बसले आणि लेसची गाठ शक्य तितकी अवघड करून घेतली.

"अहो," काकू म्हणाल्या, "आवाज तुमचा नव्हता."

काकांचा चेहरा पडला. "करतात हल्ली तसं."

"मग काय म्हणालात ते आता सांगा. मी कोट काढलेला नाही. काढायचा की नाही, ते ऐकून ठरवते."

घड्याळाची टिकटिक या बाजूनं त्या बाजूला जात राहिली. काकांनी तोंड उघडलं, ओठ हलवले, आवाज आला नाही. भिंतीवर हात फिरवला, जणू तिथे कुणी फेटा किंवा टोपी टांगून ठेवली असेल. काही नव्हतं. मग एक आवाज आला, इतका बारीक की मला आधी वाटलं शेजारच्या घरातून येतोय. त्या आवाजात तुर्क नव्हता, लामा नव्हता, दरोडेखोर नव्हता.

"मला एकट्याला राहवणार नाही गं," काका म्हणाले.



"पडद्यावर हे म्हणाला नव्हतात," काकू म्हणाल्या.

"नाही. तिथे म्हणालो होतो, खुशाल जा, माझी काळजी करू नकोस."

"मला तेच दिसलं. दोन्ही वेळा."

"बरोबर वाचलंस."

"मग आता खरं कुठलं?"

"ते दाढीतलं होतं," काका म्हणाले. "तीस जणांसमोर म्हटलं. सोपं गेलं. खरं हे."

काकूंनी कोटाची बटणं सोडली, वरून खाली, एकेक. कोट काढून काकांच्या हातात दिला. काकांनी तो छातीशी धरला, टांगायचं सुचलं नाही.

"बहीण एकटी आहे, मला जावं लागेलच," काकू म्हणाल्या. "थंडी संपेपर्यंत राहून येऊ. तुम्ही बरोबर चला."

"मी? तिथे मी काय काम करणार?"

"काम काही नाही. सकाळी उठून माझ्याशी बोलायचं."

काकांची मान लाल झाली. माझी गाठ सुटेना, खरोखरच सुटेना, म्हणून मी एक बूट पायात तसाच ठेवून जिना चढून वर गेले.